कोंड्याचा मांडा

तांदूळ तीन पाण्यांनी चोळून धुवायचे, उकळत्या आधणात वैरायचे, भात बोटचेपा झाला की वेळून मांड काढून टाकायचा आणि उरलेला पांढराशुभ्र, मोकळा भात ताटात वाढायचा. भात खाणाऱ्या कितीतरी घरांत ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली. तिच्यात काही हिशेब चुकतो आहे, असे कुणा गृहिणीला वाटण्याचे कारण नव्हते. मांड अगदीच वाया जाई असेही नाही. कुठे तो गोठ्यातल्या गाईला जाई, कुठे धुतलेल्या धोतरांना खळ म्हणून लागे, आजाऱ्याला चिमूटभर मीठ घालून प्यायलाही देत. पण १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीतून या साध्या क्रियेविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. धान गिरणीत गेल्यापासून भात ताटात येईपर्यंत दाण्यातले नेमके काय काय गळून जाते, आणि जे गळते ते कुणाच्या घरातून निघून कुणाच्या पदरात पडते? प्रश्न विचारणारा माणूस वैद्य नव्हता, आहारतज्ज्ञ नव्हता, त्याने उभ्या आयुष्यात संसारही थाटला नाही. तो लंडनमध्ये शिकून आलेला हिशेब तपासनीस होता.

जे. सी. कुमारप्पा हे नाव आज गांधीवादी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. मोठमोठ्या संज्ञांच्या गर्दीत ते तिथे काहीसे गंभीर आणि दूरचे वाटते. पण या माणसाचे अर्थशास्त्र उखळ, जाते, चूल आणि भाताचे पातेले यांच्या आसपास घडले, हे विसरले की त्यांच्या विचाराचा अर्धा रस निघून जातो.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची गादी आणि सरस्वती महाल आठवतो. पण ते गाव कावेरीच्या खोऱ्यातले, भाताच्या मुलखाच्या ऐन मध्यावरचे आहे. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस असे त्यांचे मूळ नाव. घराणे तमिळ ख्रिस्ती, वडील सरकारच्या बांधकाम खात्यात. मुलगा हुशार निघाला, लंडनला जाऊन हिशेब तपासणीचे शिक्षण घेतले, पहिले महायुद्ध संपल्यावर मुंबईस परतला आणि तिथे स्वतःची पेढी काढली. विलायती सूट, विलायती शिस्त, काटेकोर इंग्रजी. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासन शिकून पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. ब्रिटिश सरकारची करपद्धती आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध दाखवणारा प्रबंध त्यांनी तिथे लिहिला. साहेबाच्या वहीखात्यात पारंगत झालेला माणूस साहेबाचीच वही तपासायला बसला, आणि जमाखर्च जुळेना.

तो प्रबंध छापण्याच्या निमित्ताने ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटले. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर सूत काढत बसलेला म्हातारा हाच गांधी, हे त्यांना आधी उमगलेच नाही, ही हकिकत अनेकांनी लिहिली आहे. प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः प्रसिद्ध झाला. गांधीजींनी लगोलग त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम दिले. गुजराती येत नव्हते, तरी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. सूट गेला, खादी आली. कॉर्नेलियस जाऊन कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव आले. पुढे मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस, ‘यंग इंडिया’चे संपादन, तुरुंगाच्या वाऱ्या, हे सगळे त्या पिढीच्या चरित्रांत येते तसे येथेही आहे.

एक प्रसंग मात्र टाळून पुढे जाता येत नाही. जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीच्या पैशांवर देखरेख करायला कुमारप्पांना नेमले गेले. स्वयंसेवकाच्या जेवणखर्चासाठी त्यांनी दिवसाला तीन आणे ठरवले. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे येणार असे कळले, तेव्हा त्यांचा खर्च या तीन आण्यांत बसणार नाही, तो निधीतून मिळणार नाही, सोय वेगळी करावी, असे त्यांनी महादेवभाईंना सरळ कळवले. गांधीजींना याचा राग आला नाही. उलट हाच माणूस आपल्याला हवा, असे त्यांच्या मनाने घेतले असावे. कारण त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचे ठरले आणि तिची सूत्रे कुमारप्पांकडे आली.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, कुमारप्पा चिटणीस. जमनालाल बजाज यांनी आपला बगीचा व त्यातले घर दिले, आणि गांधीजींचे अकाली गेलेले सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडले. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, रामन अशी नावे होती. शिवाय कुन्नूरला आहाराचे संशोधन करणारे रॉबर्ट मॅककॅरिसनही होते. नामावली थाटाची. प्रत्यक्ष काम मात्र घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या, गूळ, साबण आणि पहिल्या दिवसापासून तांदूळ.

आता तांदळाच्या दाण्याकडे वळू. धानाच्या बाहेर तूस असते. ते माणसाच्या पोटात जाण्याजोगे नाही, ते काढायलाच हवे. तुसाखाली कोंड्याचे पातळ तांबूस थर आणि एका टोकाला अंकुर. त्याच्या आत उरतो तो जवळजवळ सारा स्टार्च, म्हणजे आपल्या बोलीत सत्त्व किंवा पीठ. पॉलिश केलेल्या तांदळाच्या वजनात सुमारे ऐंशी टक्के तोच. निसर्गाने हा साठा रोपाच्या पहिल्या काही दिवसांच्या शिदोरीसाठी बांधून ठेवलेला असतो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, घट्ट कणांच्या रूपात तो असतो. थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत. नुसते भिजतात, ढवळले तर पाणी दुधाळ होते आणि ठेवून दिले की तळाशी बसतात. खरी जादू होते ती पाणी साठ-सत्तर अंशांच्या पुढे तापले म्हणजे. मग कणांच्या आतली घडण सैल होते, पाणी आत शिरते, कण फुगून अनेक पटींनी मोठे होतात, त्यांच्यातला काही भाग बाहेर झिरपून चिकट होतो. भात शिजला असे आपण म्हणतो ते याला. पिठल्यात गुठळी होते तेही यामुळेच. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात एकदम टाकले की गोळ्याचा बाहेरचा थर तत्क्षणी शिजून चिकट कवच बनतो आणि आतले पीठ कोरडेच कोंडले जाते. म्हणून जाणती बाई बेसन आधी गार पाण्यात कालवते.

या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात, एक सरळ साखळीसारखे आणि एक झाडासारखे फांद्या फुटलेले. सरळ साखळ्या जास्त असतील तर भात मोकळा होतो, फांद्यांचे जास्त असतील तर चिकट. नवा तांदूळ गिच्च शिजतो आणि जुना फुलतो, हे तर प्रत्येक सासूने सुनेला सांगितलेले. आणि निवालेला भात ताठर का होतो? तर सैल झालेल्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट बसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. फोडणीचा भात आदल्या दिवशीच्या शिळ्या भाताचाच चांगला होतो, याचे कारणही हेच.

पांढऱ्या तांदळाने कोंड्यासहितच्या तांदळाला का हरवले, हेही या दाण्याच्या वागणुकीतच आहे. कोंड्याचे थर पाण्याला अडवतात. त्यामुळे न सडलेला तांदूळ शिजायला वेळ घेतो, जास्त पाणी पितो, जास्त सरपण खातो आणि शिजल्यावरही दाताखाली काहीसा चरबट लागतो. कोंड्यात तेल असते, ते खवट होते, म्हणून असा तांदूळ फार दिवस टिकत नाही. त्याला किडेही लवकर लागतात. माणसाला जे आवडत नाही ते किड्याला का आवडावे, याचे उत्तर कुमारप्पांच्या बाजूचे आहे. किड्याला पोषण कुठे आहे ते कळते. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने गिरणीचा पांढरा तांदूळ सगळ्या अंगांनी सोयीचा. तो वर्षभर गोदामात राहतो, लांब पाठवता येतो, दिसायला देखणा, शिजायला झटपट. बाजार वाढला की पांढरा तांदूळ वाढणारच होता.

गळते काय, ते एव्हाना जगाला कळू लागले होते. डच डॉक्टर आइकमान यांनी जावामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाहिले, की सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हा रोग त्याच जातीचा. या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळते. म्हणजे गिरणी त्यातले बहुतेक काढून घेते, उरले-सुरले तीन पाण्यांच्या चोळण्यात जाते आणि त्यातूनही राहिलेले मांडाबरोबर मोरीत. मद्रास इलाख्याच्या उत्तरेकडच्या तेलुगू जिल्ह्यांत, जिथे गिरणीचा कच्चा तांदूळ खात, तिथे बेरीबेरी ठाण मांडून होता. त्याच इलाख्यात जिथे उकडा तांदूळ खात, तिथे तो जवळपास नव्हता. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅककॅरिसन यांच्या मागून आलेले आयक्रॉइड व त्यांचे सहकारी यांनी १९४० मध्ये भारतातल्या तांदळाच्या प्रश्नावर तपशीलवार निबंध काढला, त्यात हे नीट मांडले आहे.

उकड्या तांदळाची युक्ती कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. धान तुसासकट भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे आणि मग सडायचे. वाफेने तुसाच्या आतच स्टार्च फुगतो आणि वाळताना घट्ट काचेसारखा बसतो. त्याच वेळी कोंड्यातले जीवनसत्त्व पाण्याबरोबर आत मुरते. मग गिरणीने वरचा थर खरवडला तरी ऐवज आत सुरक्षित. ज्या अनाम बायकांनी ही रीत शोधली त्यांच्यासमोर जीवनसत्त्व नावाची काही कल्पना नव्हती. दाणा कांडताना फुटत नाही एवढेच त्यांनी पाहिले असेल.

मगनवाडीत कुमारप्पांनी गिरणीला पर्याय शोधायला घेतला. केवळ हातसडीचा तांदूळ खा असे सांगून भागणार नव्हते. मुसळाने कांडले तर दाणे तुटतात आणि फार कांडले तर हातसडीचा तांदूळही गिरणीइतकाच पांढरा होतो. म्हणून तूस तेवढे निघावे आणि कोंडा राहावा, अशा लाकडाच्या आणि मातीच्या चक्क्यांवर संघाने काम केले. तूस काढण्याचे काम चक्कीने करायचे आणि तिथेच थांबायचे, हा मुद्दा. धुणे एकदाच आणि हलके, शिजवायला लागेल तेवढेच पाणी, मांड काढायचा नाही. ग्रामोद्योग संघाची पत्रके, गांधीजींचे ‘हरिजन’मधले लेख, प्रदर्शने यांतून हा प्रचार देशभर गेला. गिरणीच्या मैद्यासारख्या पिठाऐवजी जात्यावरचे चोकरासह पीठ, पांढऱ्या साखरेऐवजी गूळ, हे त्याचेच भाईबंद.

गांधीजी १९३५ मध्ये मगनवाडीतच राहत होते. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली होती. कच्च्या भाज्या, कडुनिंबाच्या पाल्याची चटणी, चिंच, लसूण, असे काही ना काही पंक्तीत येई. कुमारप्पांच्या ताटात निंबाचा जादा घास पडला, तेव्हा शेजारी बसलेल्या वल्लभभाईंनी बापू आता बकरीच्या दुधावरून बकरीच्या चाऱ्यावर आले अशी कोटी केली, अशी आठवण सांगतात. सोयाबीनचाही प्रयोग झाला. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ शिजून गोटते, वरण दाट होते, तो डाळीतल्या स्टार्चचा गुण. सोयाबीनमध्ये स्टार्च फारच थोडा. प्रथिने आणि तेल भरपूर, पण कितीही उकळा, वरणासारखा दाटपणा येत नाही. वैदर्भी जिभेला ते रुचणे कठीणच होते. त्याच वर्धा जिल्ह्याच्या शेतांत पुढे पन्नास-साठ वर्षांनी सोयाबीन कापसाच्या बरोबरीने उभे राहिले, पण घरच्या पातेल्यासाठी नव्हे, तेलगिरण्यांसाठी. कुमारप्पांना ही वार्ता कळती, तर त्यांनी ती कोणत्या खात्यावर मांडली असती हे सांगायला ज्योतिषी नको.

येथे एक गंमत ध्यानात घेतली पाहिजे. ही तांदळाची चळवळ ज्या गावातून चालली, तो मुलूखच मुळात भाताचा नाही. धानाचा पट्टा पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे. वर्ध्याची काळी जमीन कापसाची, ज्वारीची, तुरीची. आणि ज्वारी खाणारा माणूस तर आधीपासूनच अख्खा दाणा खात होता. भाकरीत कोंडा, अंकुर, पीठ सगळे येते. गिरणीवाल्याने पॉलिश करून विकावे असे ज्वारीत काही नव्हते. भाकरीचे शास्त्र तांदळाहून वेगळे, पण तितकेच स्टार्चवर उभे. गव्हात चिवट प्रथिन असते, ते पोळीला ताणून धरते. ज्वारीत ते नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालतात. पिठाचा थोडा भाग तिथेच शिजून चिकट होतो आणि तोच बाकीच्या पिठाला बांधून ठेवतो. पीठ मळून मळून लुसलुशीत केले की भाकरी थापताना चिरत नाही. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, मग कितीही कढत पाणी घाला, भाकरीच्या कडा फाटतातच. यासाठी रोजचे दळण रोज. जाते घरात असण्याचे हे एक कारण होते, हौस नव्हे.

स्टार्च वेगळा काढण्याची कला मात्र विदर्भातल्या बायकांना कुणी शिकवायला नको होती. कुरडया आठवा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून पिळून गाळायचे. रात्रभरात पांढरा चीक तळाशी बसतो, वरचे पाणी ओतायचे आणि चीक उकळत्या पाण्यात वैरून, घोटून शिजवायचा. मग सोऱ्या आणि वैशाखातले वर्ध्याचे ऊन. शिजलेला आणि वाळलेला हा स्टार्च गरम तेलात पडला की आत राहिलेल्या अंशभर पाण्याची वाफ होऊन कुरडई फुलते. राहिलेल्या चोथ्याच्याही काही घरांत भुसवड्या होत. कोंड्याचा मांडा करून खाणे हा वाक्प्रचार आपण टुकीने संसार करण्यासाठी वापरतो. कुमारप्पांचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर याच्याही पुढचे होते. कोंडा हाच मांडा आहे, आणि तो फेकून आपण भुसकट खातो आहोत.

अन्नातला हा चिकटपणा त्या काळी वर्ध्यात आणखी एका कामी येई. हातसुताच्या ताण्याला खळ दिल्याशिवाय मागावर तो टिकत नाही. तंतू उसवतात, दोरे तुटतात. स्टार्चचा पातळ थर त्यांना गुळगुळीत आणि मजबूत करतो. म्हणजे खादीच्या धोतरातही थोडे धान्य मुरलेले असेच.

कुमारप्पांच्या या विचारातली एक बाजू मला नेहमी अपुरी वाटत आली आहे. गिरणी आली की कांडणारणीचे काम जाते, म्हणून गिरणी नको, हा त्यांचा हिशेब. मजुरीवर धान कांडून पोट भरणाऱ्या विधवा आणि गरीब बायकांच्या बाबतीत तो अगदी खरा होता. हलर गिरणीने त्यांच्या हातची चार पायली धान्याची मिळकत काढून घेतली आणि दुसरे काही दिले नाही. पण घरच्या सुनेचे काय? पहाटे उठून जे दळण-कांडण ती करी, ते कुठल्याच वहीत जमा नव्हते. जात्यावरच्या ओव्या आपण कौतुकाने संग्रहित केल्या. त्यांत माहेरच्या मायेइतकाच श्रमाचा उसासाही आहे, हे कौतुकाच्या भरात विसरतो. गिरणीचा भोंगा गावात वाजला तेव्हा सगळ्यात आधी डोक्यावर डबा घेऊन निघाल्या त्या बायकाच. इतका काटेकोर माणूस, पण हा एक रकाना त्याच्या वहीत कोराच राहिला. चक्की हलकी फिरावी, कांडण्याचे कष्ट कमी व्हावेत, म्हणून संघाने अवजारे सुधारली हे खरे. मात्र गिरणीच्या वेगाशी त्यांची बरोबरी होणे शक्यच नव्हते.

चुलीचा विषय त्यांनी सोडला नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. कमी सरपणात स्वयंपाक व्हावा आणि धूर बाईच्या डोळ्यांत न जाता धुराड्यातून बाहेर जावा, अशी मगन चूल या मगनवाडीचीच. परदेशी रॉकेलऐवजी गावातल्या घाणीच्या तेलावर जळणारा मगन दीपही तिथलाच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ग्रामोद्योगाची अवजारे आणि माल लोकांनी येऊन पाहावा, हा हेतू.

त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून त्यांनी अहवाल दिला. बेचाळीसच्या धामधुमीत त्यांच्या मागे पुन्हा तुरुंग लागला. युद्धखर्चासाठी सरकार नोटा छापून शेतकऱ्याचे धान्य उचलते आणि त्याच्या हाती कागद ठेवते, अशा अर्थाचा लेख त्यांनी ‘ग्रामउद्योग पत्रिके’त लिहिला. भाकरीऐवजी धोंडा असे त्याचे शीर्षक. त्याबद्दल शिक्षा होऊन ते जबलपूरच्या तुरुंगात गेले. तिथे येशूच्या शिकवणुकीवर एक आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक, अशी दोन पुस्तके तयार झाली. दुसरे १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून सेवेच्या अर्थव्यवस्थेपर्यंतच्या पायऱ्या त्यात आहेत. एक लाख वस्तीच्या मुलखाला काय पिकवावे लागेल, याचा हिशेबही त्यांनी मांडला होता. माणशी दिवसाला सोळा औंस धान्य, दोन औंस डाळ, मग दूध, भाजी, गूळ, तेल, फळ, कापूस, असे धरून जमिनीची वाटणी केलेली. आधी ताट ठरवायचे आणि मग शेत, हा उलटा वाटणारा क्रम हीच कुमारप्पांची खरी देणगी, असे मी मानतो. कापूस आणि ऊस यांच्या भावावर शेत ठरते आणि उरेल त्यातून ताट, हा क्रम वर्धा जिल्ह्याने त्यानंतर फार जवळून पाहिला आहे.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीचा अहवाल १९४९ चा. पण नव्या दिल्लीचे आणि त्यांचे फारसे जमले नाही. ते रागीट होते, रक्तदाबाने त्रस्त होते आणि तोंडावर बोलत. मगनवाडी सोडून त्यांनी याच जिल्ह्यातल्या सेलडोहला पन्नई आश्रम काढला, शेतीवर आधारलेला लहानसा प्रयोग. प्रकृतीने साथ दिली नाही. अखेरची वर्षे मदुराई जिल्ह्यातल्या कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात गेली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ते वारले.

त्याआधी दोन वर्षे, १९५८ मध्ये, संसदेने तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला होता. नवी गिरणी काढायची तर परवाना हवा आणि परवाना देताना त्या भागातल्या हातसडीच्या धंद्यावर काय परिणाम होईल ते पाहावे, अशी त्यात तजवीज होती. मगनवाडीचा आवाज कायद्याच्या पुस्तकात पोचला तो असा. हातसडी काही त्याने वाचली नाही. १९९७ मध्ये तो कायदा रद्द झाला तेव्हा तिची कुणाला आठवणही नव्हती. कोंडा आता तेलगिरणीत जातो, त्याचे तेल हृदयाला चांगले म्हणून बाटलीत भरून विकले जाते आणि पेंड जनावरांना जाते. कोंड्यासहितचा तांदूळ शहरातल्या दुकानांत पांढऱ्याहून महाग मिळतो, मधुमेहाची भीती घेतलेली मंडळी तो आणतात. त्यांच्यातलेच काही भातातला स्टार्च काढायचा म्हणून पुन्हा मांड वेळू लागले आहेत. मांडाबरोबर स्टार्च जातो तो थोडाच, बहुतेक दाण्यातच राहतो. जायचे ते जीवनसत्त्वच जाते.

एक गोष्ट मात्र कुमारप्पांच्या म्हणण्यासारखी झाली, आणि तीही यंत्राने केली. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत ते मध्यमवर्गीय ओट्यावर आले आणि त्यातल्या भांड्यात तांदळाच्या दुप्पट-अडीचपट पाणी मोजून घालण्याची सवय लागली. ते सगळे पाणी दाण्यातच जिरते, वेळायला काही उरत नाही. भाताचे झाकण हाताने धरून मांड ओतणारी बाई आता मराठी घरांत क्वचितच दिसते.